डिसेंबर २०१६, मनिला: निवड बदलली, पडदे तेच राहिले

दर वर्षी २५ डिसेंबरला फिलिपीन्समधल्या चित्रपटगृहांतून हॉलिवूड उतरतं. आयमॅक्ससारखी मोजकी दालनं सोडली, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत देशभर फक्त मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवात निवडलेले फिलिपिनो चित्रपट लागतात. हा महोत्सव १९७५ पासूनचा. महोत्सव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गळ्यात पास अडकवलेली मंडळी आणि सकाळपासूनच्या रांगा येतात. हे प्रकरण वेगळं आहे. इथे तिकीट काढून, नेहमीच्याच मॉलमध्ये, घरच्यांसोबत सिनेमा बघायचा असतो. फिलिपिनो निर्मात्यासाठी वर्षातला सगळ्यात मोठा गल्ला याच दोन आठवड्यांत जमतो.

२०१६ मध्ये आयोजकांनी धाडस केलं. निवडीच्या निकषांतून 'धंदा किती होईल' हा मुद्दा काढून टाकला. आठ वेगळे, मेहनतीने केलेले चित्रपट निवडले. गल्ला आदल्या वर्षीच्या निम्म्याच्याही खाली आला आणि पुढच्याच वर्षी निकष परत बदलले. त्यावर सरसकट निघालेला निष्कर्ष होता की लोकांना चांगला सिनेमा नकोच असतो. तो आम्हाला पटत नाही. त्या डिसेंबरात काय बदललं आणि काय जसंच्या तसं ठेवलं, हे ओळीने पाहिलं की चूक वेगळ्याच जागी सापडते.

डिसेंबरातला पैसा कुठून येतो

फिलिपीन्समध्ये 'तेरावा पगार', म्हणजे वर्षाच्या बारा पगारांवरचा एक जादा पगार, कायद्याने द्यावा लागतो. राष्ट्राध्यक्षांचा आदेश क्रमांक ८५१, डिसेंबर १९७५ चा, म्हणजे महोत्सव सुरू झाला त्याच वर्षीचा. ही रक्कम २४ डिसेंबरच्या आत हातात पडली पाहिजे, असा नियम आहे. १६ तारखेपासून पहाटेच्या प्रार्थना, म्हणजे 'सिम्बांग गाबी', सुरू असतात. नाताळच्या दिवशी मुलं आपल्या धर्मपित्यांकडे आणि धर्ममातांकडे, 'निनोंग' आणि 'निनांग' यांच्याकडे, पाया पडायला जातात आणि 'अगिनाल्दो' म्हणून पैसे मिळवतात. दिवाळीत ओवाळणीचं पाकीट खिशात घालून बाजारात निघालेली पोरं आठवा. दुपारी सगळं घर मॉलमध्ये येतं.

आता हिशेब पाहा. २०१६ मध्ये मेट्रो मनिलात बिगरशेती कामगाराचं किमान वेतन दिवसाला ४९१ पेसो होतं. तिकीट साधारण २०० ते २५० पेसोंचं. चौघांचं घर एकदा सिनेमाला गेलं की दोन दिवसांची मजुरी खर्च झाली, खाणंपिणं वेगळंच. म्हणजे आठ चित्रपट लागले तरी सामान्य घर त्यातला एक बघतं, फार तर दोन. कोणता बघायचा हे बहुतेक वेळा घरातलं सगळ्यात लहान मूल ठरवतं. म्हणून वर्षानुवर्षं या महोत्सवात जादूच्या दुनियेतले विनोदी पट, 'शेक, रॅटल अँड रोल'सारख्या भयपटांच्या मालिका आणि टीव्हीवरच्या लाडक्या विनोदवीरांचे सिनेमे चालत आले. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण मुलांचा तो हक्काचा दिवस असतो आणि ही बाजू २०१६ च्या निर्णयात पुरेशी मोजली गेली नाही.

दुसरी बाजू कराची. तिकिटावरचा करमणूक कर स्थानिक पालिका घेतात, त्याची कमाल मर्यादा २००९ च्या कायद्याने १० टक्क्यांवर आणली. महोत्सवाच्या दिवसांत मेट्रो मनिलातल्या १६ शहरं आणि एक नगरपालिका, अशा १७ स्थानिक संस्था या करावर पाणी सोडतात आणि तो पैसा महोत्सवामार्फत चित्रपट व्यवसायातल्या संस्थांकडे जातो. त्यात मुख्य आहे मोवेलफंड, पडद्यामागच्या कामगारांच्या आजारपणाला आणि अडीनडीला मदत करणारी संस्था. म्हणजे गल्ला १०० पेसोंनी घटला की त्या मदतीतले १० पेसोपर्यंत घटतात. लाइटमन, स्पॉटबॉय, मेकअपवाले यांच्या औषधपाण्याचा पैसा आठवड्याच्या गल्ल्याला बांधलेला आहे. गल्ल्याची काळजी करणाऱ्या प्रत्येकाला लोभी ठरवणं म्हणूनच अन्यायाचं होतं.

महोत्सव भरवतं ते मेट्रो मनिला विकास प्राधिकरण. नावावरून आपल्या एमएमआरडीएची आठवण होईल, पण या प्राधिकरणाची रोजची कामं वाहतूक, पूर आणि कचरा ही आहेत. चित्रपटगृहं त्याच्या मालकीची नाहीत. ही साधी गोष्ट पुढे निर्णायक ठरली.

ठिणगी आणि नवे निकष

२०१५ च्या महोत्सवात पुरस्कार सोहळ्याच्या तोंडावर एरिक मात्ती यांचा 'ऑनर दाय फादर' सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीतून बाद केला गेला. कारण असं दिलं की तो आधी दुसऱ्या एका महोत्सवात उद्घाटनाला दाखवला होता. प्रकरण संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं. त्या वर्षी गल्ला एक अब्ज पेसोंच्या आसपास होता आणि त्यातला फार मोठा वाटा दोनच विनोदी चित्रपटांनी खाल्ला होता. हे असंच चालू द्यायचं नाही, असा दबाव तयार झाला.

२०१६ साठी कार्यकारी समितीत अभ्यासक, पटकथाकार, माहितीपटकार आले. निवड समितीचं नेतृत्व फिलिपीन्स विद्यापीठातले चित्रपट-अभ्यासक निकानोर टिओंगसोन यांच्याकडे गेलं. दोन बदल महत्त्वाचे होते. कथा, चित्रपटकला आणि तांत्रिक दर्जा यांना सर्वाधिक वजन मिळालं आणि व्यावसायिक यशाचा वेगळा निकष गेला. शिवाय पटकथेवर निवड करणं थांबवून पूर्ण झालेला चित्रपट मागवला गेला.

या दुसऱ्या बदलाकडे फार कमी लोकांनी लक्ष दिलं, पण निर्मात्याच्या दृष्टीने तोच मोठा होता. पटकथेवर निवड होते तेव्हा वर्षाच्या मध्याला जागा पक्की होते. मग चित्रीकरण, संकलन आणि जाहिरात समांतर चालतात, टीव्हीच्या कार्यक्रमांतून पाच-सहा महिने हवा तयार होते, प्रायोजक आधी पैसे लावतात. पूर्ण चित्रपट मागितला की पैसा आधी घालायचा आणि जागा मिळेल की नाही हे शेवटी कळायचं. त्या वर्षी निवड झालेल्यांची नावं नोव्हेंबर अर्धा उलटल्यावर बाहेर आली. प्रदर्शनाला पाचेक आठवडे उरले होते. एवढ्यात ट्रेलर कापायचा, होर्डिंग बुक करायची, मिरवणुकीचा चित्ररथ बांधायचा आणि चित्रपटगृहांशी बोलणी करायची. मोठ्या स्टुडिओकडे ही फौज कायम तयार असते, छोट्या निर्मात्याकडे नसते. दर्जासाठी आणलेला नियम ज्यांना मदत करणार होता, त्यांच्याच गळ्याला तो घट्ट बसला.

ते आठ

यादी खरोखर चांगली होती. 'संडे ब्यूटी क्वीन' हा बेबी रूथ व्हिलारामा यांचा माहितीपट. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायका आठवड्यातल्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी सौंदर्यस्पर्धा भरवतात, त्यांची ही गोष्ट. 'सेव्हिंग सॅली'मध्ये खरे कलाकार आणि अ‍ॅनिमेशन एकत्र होतं, तो पुरा व्हायला दहा वर्षांहून अधिक लागली. जून रोब्लेस लाना यांच्या 'डाय ब्यूटिफुल'मधल्या ट्रान्स नायिकेच्या भूमिकेसाठी पाओलो बायेस्तेरोस यांना त्याच वर्षी तोक्यो महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला होता. मात्ती यांचा भयपट 'सेक्लुसियोन', नोरा आउनोर यांची भूमिका असलेला 'काबिसेरा', आल्विन यापान यांचा 'ओरो', चित्रपट व्यवसायावरच बेतलेला विनोदी 'आंग बाबाए सा सेप्टिक टँक २' आणि मोठ्या स्टुडिओची तरुण प्रेमकथा 'व्हिन्स अँड कॅथ अँड जेम्स' हे बाकीचे.

आता ही यादी सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून तिकीट खिडकीपाशी उभ्या असलेल्या आईच्या नजरेने वाचा. बळी, प्रेतयात्रा, खाणगावातली हत्या, परदेशातली मोलकरीण. प्रत्येक विषय सिनेमा होण्यालायक आहे. पण जादूची तलवार आणि हसवणारा बाबा शोधणाऱ्या मुलासाठी आठांत जवळजवळ काहीच नव्हतं. दर्जेदार बालचित्रपटाची एक जागा राखून ठेवता आली असती. ती कुणाच्या डोक्यात आली नाही, आणि आमच्या मते निवड समितीची ही सगळ्यात मोठी चूक होती.

बाहेर राहिलेले बडे चित्रपट स्वस्थ बसले नाहीत. 'द सुपर पॅरेंटल गार्डियन्स' आणि 'एन्तेंग काबिसोते १०' हे दोन्ही ३० नोव्हेंबरला लागले. तो बोनिफासिओ दिन, सार्वजनिक सुट्टी. महोत्सव सुरू होण्याआधी त्यांना २५ दिवस मोकळे मिळाले. अनेक कंपन्या तेरावा पगार त्याच सुमारास देतात. सणाचा विनोदी सिनेमा बघायचा घरोघरचा बेत २५ तारखेच्या आधीच उरकला होता. महोत्सवाने आपल्या दारातून बाहेर काढलेला स्पर्धक शेजारच्या दारातून आधीच आत येऊन बसला.

२६ तारखेची रात्र

खरी गोष्ट घडते ती चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर. एक नमुना हिशेब मांडू. सहा पडद्यांचा मॉल, आठ चित्रपट. एका पडद्याला २०० खुर्च्या, दिवसाला पाच खेळ, म्हणजे १,००० जागा. तिकीट २२० पेसो.

पहिल्या दिवशी एका पडद्यावर ८ टक्के जागा भरल्या: ८० तिकिटं, १७,६०० पेसो. त्यातून १० टक्के कराचे १,७६० गेले, उरले १५,८४०. निर्माता आणि चित्रपटगृह यांनी निम्मं-निम्मं वाटून घेतलं तर प्रत्येकी ७,९२०. शेजारच्या पडद्यावर ६० टक्के भरले आणि आणखी लोक परत जात आहेत: ६०० तिकिटं, १,३२,००० पेसो, कर वजा जाता १,१८,८००, चित्रपटगृहाचा वाटा ५९,४००. पहिला पडदा दुसऱ्या चित्रपटाला दिला आणि तो तितकाच भरला, तर चित्रपटगृहाला एका दिवसात ५१,४८० पेसो जास्त मिळतात. पॉपकॉर्न आणि शीतपेयांची विक्री यात धरलेलीच नाही.

हा बदल करायला वेळही लागत नाही. रीळ होतं तेव्हा दुसऱ्या पडद्यावर तोच चित्रपट लावायचा तर दुसरी प्रत हवी, ती मोटारसायकलवरून यायची, आणि प्रती मोजक्याच असायच्या. ती अडचण छोट्या चित्रपटाचं नकळत रक्षण करायची. डिजिटल प्रोजेक्शनमध्ये चित्रपट हार्ड डिस्कवरून सर्व्हरमध्ये एकदा उतरवला आणि त्या पडद्याची सांकेतिक किल्ली हाती असली की खेळांचं वेळापत्रक बसल्या जागी बदलता येतं. २५ तारखेच्या रात्री आकडे आले, २६ ला सकाळच्या फलकावरून नाव गेलं, असं होऊ शकतं.

झालंही तसंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काही चित्रपटांचे पडदे आणि खेळ कमी होऊ लागले, निर्माते आणि कलाकार समाजमाध्यमांवरून लोकांना 'अमुक मॉलमध्ये अजून आहे, तिथे जा' असं सांगत राहिले. ही पद्धत प्रेक्षकाला दमवते. संध्याकाळी पोचल्यावर खेळ रद्द झाल्याचं कळलेला माणूस परतीच्या ट्रॅफिकचा विचार करून जे लागलंय त्याचंच तिकीट काढतो आणि तो आकडा मग 'लोकांना काय हवं' याचा पुरावा म्हणून मोजला जातो.

पुरस्कार सोहळा २९ डिसेंबरला कुबाओमधल्या किया थिएटरमध्ये झाला. 'संडे ब्यूटी क्वीन' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, या महोत्सवात माहितीपटाला असा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. मात्ती सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक झाले. पण तो प्रदर्शनाचा पाचवा दिवस होता. अशा चित्रपटाला गर्दी मिळते ती पाहून आलेल्यांच्या तोंडून, आणि तोंडी जाहिरात पसरायला सात-आठ दिवस तरी लागतात. पडद्याचा निर्णय मात्र ३६ तासांत झालेला होता.

मधेच 'ओरो'ने वेगळा घाव घातला. चित्रीकरणात कुत्रा खरोखर मारला गेल्याचं उघड झालं. फिलिपीन्समध्ये प्राणिकल्याणाचा कायदा १९९८ पासून आहे. चित्रपटाला दिलेला विशेष पुरस्कार परत घेतला गेला आणि प्रदर्शन थांबवावं लागलं. नव्या व्यवस्थेवर विश्वास बसायच्या आतच तिच्यावर डाग पडला.

२०१७: अर्धं माघारी

पुढच्या वर्षी तडजोड झाली. चार जागा पटकथेवर, चार पूर्ण चित्रपटांवर, आणि व्यावसायिक आवाहनाचा निकष परत. पहिल्या चार नावांत 'आंग पांदाय'सारखे ताऱ्यांचे मोठे चित्रपट आले, तेव्हा पटकथाकार रिकी ली यांच्यासह समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले. गल्ला पुन्हा अब्जाच्या घरात गेला.

पण त्याच वर्षी एक गोष्ट घडली, जी या सगळ्या वादाचा निकाल लावण्यासारखी आहे. निक होआकिन यांच्या नाटकावरचा संगीतपट 'आंग लारावान' २५ डिसेंबरला लागला आणि दुसऱ्याच दिवशी अनेक पडद्यांवरून उतरला. २७ ला त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला आणि काही चित्रपटगृहांनी तो परत लावला. निकष व्यावसायिक असोत की कलात्मक, दुसऱ्या दिवशीची कात्री दोन्ही वर्षी तशीच चालली. म्हणजे दोष निवडीच्या निकषांत नव्हता. निवड होते ती प्राधिकरणाच्या टेबलावर आणि पडदे वाटले जातात मॉलच्या टेबलावर. २०१६ च्या सुधारणेने पहिल्या टेबलावरचं सगळं बदललं आणि दुसऱ्याला हात लावला नाही.

काय लिहून घ्यायला हवं होतं

परदेशी चित्रपट दोन आठवडे बंद ठेवण्याची ताकद ज्या महोत्सवाकडे आहे, त्याला चित्रपटगृहांकडून आणखी चार ओळी लिहून घेणं अशक्य नव्हतं.

पहिली ओळ, पहिले पाच दिवस पडद्यांची वाटणी गोठवायची. पण नुसती पडद्यांची संख्या लिहून भागत नाही. ८० खुर्च्यांचं दालन आणि ४०० खुर्च्यांचं दालन दोन्ही एकच 'पडदा' मोजले जातात, आणि सकाळी साडेदहाचा खेळ व संध्याकाळी सातचा खेळ दोन्ही एकच 'खेळ'. म्हणून वाटणी खुर्च्या गुणिले खेळ या मापात हवी आणि प्रत्येक चित्रपटाला संध्याकाळी पाचनंतरचा किमान एक खेळ हवा. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइम देण्याचा निर्णय झाला, त्यामागे नेमकी हीच तक्रार होती: खेळ मिळतो, पण कामावर जायच्या वेळेचा.

दुसरी, पुरस्कार सोहळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, वाटणी गोठलेली असतानाच घ्यायचा, म्हणजे पुरस्काराचा फायदा पडद्यावर उतरेल. तिसरी, पूर्ण चित्रपट मागवायचा असेल तर मुदत सप्टेंबरअखेर, निकाल ऑक्टोबरच्या मध्यावर, म्हणजे जाहिरातीला दहा आठवडे. चौथी, लहान मुलांना नेता येईल अशा चित्रपटाला एक राखीव जागा, दर्जाची अट कायम ठेवून. या चौथ्या ओळीने ३० नोव्हेंबरच्या स्पर्धकांची धारही बरीच बोथट झाली असती.

यात चित्रपटगृहांचं नुकसान आहे, ते झाकू नये. वरच्याच हिशेबाने पाच दिवसांत एका पडद्यामागे अडीच लाख पेसोंचा फरक पडू शकतो. तो त्यांनी एकट्याने का सोसावा? महोत्सवाकडे जाणाऱ्या कराचा छोटा भाग, फक्त गोठवलेल्या आणि रिकाम्या राहिलेल्या खुर्च्यांपुरता, भरपाई म्हणून देता येतो. मोवेलफंडला पहिल्या वर्षी थोडं कमी जाईल, म्हणून ही भरपाई कमाल मर्यादा ठरवूनच द्यावी लागेल.

यातलं काही पुढे वेगवेगळ्या वाटांनी आलंही. ऑगस्ट २०१७ मध्ये फिलिपीन्सच्या चित्रपट विकास परिषदेने 'पिस्ता नंग पेलिकुलांग पिलिपिनो' सुरू केला: एक आठवडा, १२ चित्रपट, देशभर फक्त फिलिपिनो सिनेमा, आणि नाताळच्या गर्दीपासून लांब. २०१९ मध्ये परिषदेने फिलिपिनो चित्रपटांचा प्रदर्शनाचा दिवस बुधवारवरून शुक्रवारवर नेला आणि किमान सात दिवस चित्रपट न उतरवण्याचा नियम आणला. शुक्रवार महत्त्वाचा, कारण बुधवारी रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या पाहून शनिवार-रविवार येण्याआधीच निर्णय होत असे.

२०२३ मध्ये महोत्सवात दहा चित्रपट होते. सोहळा २७ डिसेंबरला झाला, कुबाओमधल्या त्याच सभागृहात, जे आता न्यू फ्रंटियर थिएटर या जुन्या नावाने ओळखलं जातं. प्रदर्शनाची मुदत वाढवून १४ जानेवारीपर्यंत नेली गेली. गल्ला अब्जाच्या वर गेला, आणि त्यात १८७२ मध्ये देहदंड झालेल्या तीन धर्मगुरूंवरचा 'गोम्बुर्झा' हा इतिहासपटही टिकून राहिला. २०१६ मध्ये पुरस्काराच्या रात्रीपासून शेवटच्या खेळापर्यंत ९ दिवस होते. २०२३ मध्ये ते १८ झाले.